मानपूर कुठं होतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माणदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? दुष्काळ, मेंढरं, कुसळं, चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर. साताऱ्याचे माण आणि खटाव, सांगलीचे आटपाडी आणि जत, सोलापूरचा सांगोला असा हा पट्टा. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, आणि तशीच जाऊन पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोघे भाऊ आणि शंकरराव खरात यांच्यामुळं मराठी साहित्यात या मुलखाला मोठं नाव मिळालं. पण या माळावर कधीकाळी एका राज्याची राजधानी होती, असं कुणी सांगितलं तर आपण हसू.

असं सांगणारा एक माणूस होऊन गेला. तो इथला नव्हता. नागपूरच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होता. पाचव्या-सहाव्या शतकातल्या काही ताम्रपटांत 'मानपूर' नावाचं गाव येतं. तिथं राष्ट्रकूट कुळातला, पण मान्यखेटच्या प्रसिद्ध राष्ट्रकूटांच्याही आधीचा, एक राजवंश नांदत होता. हे मानपूर कुणी मध्य भारतात शोधलं, कुणी आणखी कुठं. या प्राध्यापकांनी सांगितलं, एवढ्या लांब जाऊ नका. सातारा जिल्ह्यातलं माण बघा. त्या प्राध्यापकांचं नाव महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांच्या कामाविषयी आज मी बोलणार आहे.

आधी एक खुलासा. मी इतिहासकार नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण कवितेच्याच वाटेनं मी मिराशींपर्यंत पोचलो. ती वाट कोणती, ते पुढं येईलच.

मिराशींचा मुख्य विषय म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या-आठव्या शतकापर्यंतचा काळ. युरोपातले अभ्यासक आपल्याकडच्या रोमच्या इतिहासातल्या याच काळाला 'उत्तर प्राचीन काळ' म्हणतात. पूर्वी तिकडं या काळाची ओळख एकाच शब्दात करून दिली जाई, ऱ्हास. रोमचं साम्राज्य मोडलं, अंधार झाला, संपलं. १९७१ मध्ये पीटर ब्राउन या इतिहासकाराचं या काळावरचं पुस्तक आलं आणि बघण्याची रीतच बदलली. ब्राउन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एक जग मोडत असताना त्याच जागी दुसरं घडत होतं. नवे धर्म, नवी चित्रकला, नवे मठ, देवाशी बोलायच्या नव्या तऱ्हा. ख्रिस्ती धर्म पसरला तो याच काळात, आणि अरबस्तानात इस्लामचा उदय झाला तोही याच काळाच्या उत्तरार्धात.

आपल्याकडं या काळात काय चाललं होतं? उत्तरेत गुप्त राजे होते. विदर्भ-मराठवाड्यात वाकाटक होते. पुढं बदामीचे चालुक्य आले. इ.स. ४७६ मध्ये पश्चिम रोमचा शेवटचा बादशहा पदच्युत झाला. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांचा जो कालक्रम मांडला आहे तो मानला, तर बरोबर त्याच सुमाराला वाघूर नदीच्या काठी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या भिंती रंगवल्या जात होत्या. तिकडं एक दरबार विझत होता आणि इकडं चित्रकार दिव्याच्या उजेडात पद्मपाणीचे डोळे काढत होते. एकाच काळातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही.

मिराशींचा जन्म १८९३ चा, कोकणातल्या कुवळे गावचा. शिक्षण कोल्हापूर आणि पुण्याला. मुंबईत थोडी नोकरी करून १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून गेले. पुढं त्याच कॉलेजचे आणि नंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९५० मध्ये निवृत्त झाले. एवढं सांगितलं की एका सुखवस्तू प्राध्यापकाचं चरित्र पूर्ण व्हायला हरकत नाही. पण मिराशींचं मोठं काम निवृत्तीनंतरचं आहे.

सरकारच्या पुरातत्त्व खात्याची 'कॉर्पस' नावाची एक मालिका आहे. एकेका राजवंशाचे सगळे शिलालेख आणि ताम्रपट एकत्र करायचे, प्रत्येकाचं वाचन, भाषांतर, टिपा आणि छायाचित्र द्यायचं, असं तिचं स्वरूप. एक खंड काढण्यात विद्वानाचं आयुष्य जातं. मिराशींनी तीन काढले. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा खंड १९५५ मध्ये आला तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. वाकाटकांचा खंड १९६३ मध्ये आला तेव्हा सत्तर. शिलाहारांचा खंड १९७७ मध्ये आला तेव्हा चौऱ्याऐंशी. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८१ मध्ये निघाला, तेव्हा अठ्ठ्याऐंशी! मध्यंतरी ते नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे मानद प्राध्यापकही होते. १९८५ मध्ये ते गेले. आपल्याकडं निवृत्त माणसाला लोक विचारतात, आता काय करता? मिराशींना असं विचारायची कुणाची छाती झाली असेल, असं वाटत नाही.

आणि हे सगळं करताना त्यांनी मराठी सोडली नाही. 'कालिदास' हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे. 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' मराठीत आहे. 'संशोधन मुक्तावली' या नावानं त्यांच्या लेखांचे जे 'सर' निघाले तेही मराठीत. जे इंग्रजीत विद्वानांना सांगितलं, ते मराठीत सामान्य वाचकाला सांगितलंच पाहिजे, ही त्या पिढीची रीत होती. माझ्यासारख्याला वाकाटक भेटले ते त्या रीतीमुळं.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात बाहेरच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव याचा. त्यात वाकाटकांची वंशावळ दिली आहे. पावसापाण्यानं पुष्कळ अक्षरं झिजली आहेत. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा मोठमोठ्यांनी तो वाचला. एका राजाच्या नावातलं 'सेन' नीट दिसत होतं, आधीची अक्षरं पुसट होती. वाकाटकांत रुद्रसेन नावाचा राजा इतर ताम्रपटांवरून माहीत होताच. म्हणून इथंही 'रुद्रसेन' वाचलं गेलं, आणि सगळे तसंच धरून चालले.

मग १९३९ मध्ये वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. त्यात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा म्हणून 'सर्वसेन' असं नाव स्पष्ट होतं. हा राजा तोवर कुणाला माहीत नव्हता. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि दाखवून दिलं, की इथंही मुळात सर्वसेनच आहे. दोन अक्षरांचा फरक. पण त्या दोन अक्षरांनी वाकाटकांच्या एका घराण्याची दोन घराणी झाली. एक नागपूरकडचं, दुसरं वाशीमचं, आणि अजिंठ्याचा हरिषेण या दुसऱ्या घराण्यातला ठरला.

माझी कवितेची वाट मिराशींना मिळते ती इथं. हा सर्वसेन नुसता राजा नव्हता, तो प्राकृत भाषेचा कवी होता. 'हरिविजय' नावाचं त्याचं काव्य पुढच्या काव्यशास्त्रकारांनी वाखाणलं आहे. ते काव्य आज हाती नाही, त्यातले उतारे तेवढे दुसऱ्यांच्या ग्रंथांत उरलेत. वाकाटकांच्याच दुसऱ्या घराण्यातला दुसरा प्रवरसेन हा 'सेतुबंध' या प्राकृत महाकाव्याचा कर्ता मानला जातो. या 'सेतुबंधा'वर रामदास नावाच्या पंडितानं टीका लिहिली, ती अकबर बादशहाच्या काळात. आणि 'गाथासप्तशती'तल्या काही गाथा या राजांच्या नावावर आहेत. ज्या प्राकृतातून आपली मराठी आली त्या भाषेत राजे कविता करत होते, आणि हजार वर्षांनंतर मुघलांच्या राज्यात ती वाचली, समजावली जात होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मानपुराकडं येऊ. इथं तर मिराशींची तऱ्हा एखाद्या तपासनीसासारखी आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष मानांक. त्याचा मुलगा देवराज. देवराजाचा मुलगा अविधेय, आणि आणखी एक नातू अभिमन्यू. अभिमन्यूच्या ताम्रपटात मानपूर हे राहण्याचं ठिकाण म्हणून येतं. अविधेयाच्या ताम्रपटात 'पांडरंगपल्ली' हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. ती पांडरंगपल्ली म्हणजे आपलं पंढरपूर, असं मत पुढं आलं. त्याच ताम्रपटात मानांकानं विदर्भ आणि अश्मक या देशांना सळो की पळो केल्याची फुशारकी आहे. आता अजिंठ्याचा लेख बघा. त्यात वाकाटक राजानं कुंतलाच्या राजाला हरवल्याची फुशारकी आहे. म्हणजे विदर्भवाले म्हणतात, आम्ही कुंतलाला हरवलं. मानपूरवाले म्हणतात, आम्ही विदर्भाला हैराण केलं. आपला पराभव कुणीच तांब्यावर कोरून ठेवत नाही! पण दोन्ही बाजूंच्या बढाया शेजारी मांडल्या की मधून खरी गोष्ट डोकावते. दोघं शेजारी होते आणि त्यांची भांडणं होती. मिराशींनी मांडलं, की कुंतल म्हणजे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातला आपला प्रदेश, मानांकाच्या नावावरून मानपूर, आणि मानपूर म्हणजे माण.

याला जोडून त्यांनी आणखी एक धागा ओढला. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्रानं कालिदासाच्या नावावर 'कुंतलेश्वरदौत्य' नावाच्या एका कृतीचा उल्लेख केला आहे. तीही आज उपलब्ध नाही. कथा अशी, की विक्रमादित्यानं कालिदासाला कुंतलाच्या राजाकडं वकील म्हणून पाठवलं. तिथं त्याला मानाचं आसन मिळालं नाही. तो सरळ जमिनीवर बसला, आणि जमिनीवर का बसलो याचं असं उत्तर दिलं की दरबार गप्प झाला. मिराशींच्या मते हा कुंतलेश्वर म्हणजे मानपूरचा देवराज.

विचार करा. हे खरं असेल, तर कालिदास आपल्या माणदेशात येऊन गेला! मेघाची वाट बघणाऱ्या मुलखात मेघदूताचा कवी! आणि इथल्या भुईवर बसून गेला. माझ्यातल्या कवीला हे लगेच खरं मानावंसं वाटतं.

पण इथंच थांबायचं असतं. कुंतलेश्वर म्हणजे दुसरा प्रवरसेन, असं मानणारे विद्वान आहेत. तो कदंबांपैकी एक, असं म्हणणारेही आहेत. मानपूर माणच, हे सगळ्यांना मान्य नाही. मिराशींचं एक मत पुढं कसं वादात सापडलं, तेही सांगतो. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं त्यांचं मत होतं. पुढं रामटेकजवळ मनसरला मोठं उत्खनन झालं. तिथं प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मुद्रा सापडल्या. हान्स बाकर या डच संशोधकांसह काहींनी प्रवरपूर मनसरकडं असल्याचं मांडलं. उलट, मिराशींनी दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या आठव्या गोष्टीत वाकाटकांच्या अखेरीचा इतिहास दडला आहे असं सांगितलं होतं, त्या मताचा आधार स्पिंक यांनी अजिंठ्याचा कालक्रम लावताना घेतला. म्हणजे त्यांचं एक मत मागं सरकलं आणि दुसरं पुढं गेलं. कुणी त्यांचा पुतळा पाडला नाही आणि कुणी त्यांच्या मताला शेंदूर लावून देवळातही बसवलं नाही. पुरावा आला की मत तपासायचं, ही या मंडळींची नीती. आज इतिहासावरून ज्या तऱ्हेनं माणसं एकमेकांच्या अंगावर धावतात, ते बघितलं की या नीतीची आठवण होते. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्या वेळी पुस्तकांचे ढीग जमिनीवर पडलेले आपण सगळ्यांनी बघितले आहेत.

आता थोडं घरचं. माझे अब्बा कल्हईवाले. भाता, नवसागराची पूड, कापसाचा बोळा आणि कथलाची कांडी एवढ्या सामानावर त्यांनी आम्हाला वाढवलं. मिरजेपासून आटपाडी-खरसुंडीपर्यंतचे बाजार आणि जत्रा ते पायी आणि एस.टी.नं करत. स्टीलची भांडी आली आणि धंदा बसला. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तांब्याची जात त्यांना बोट लावून कळायची. ते सांगायचे, तांबटाकडं मोडीत जुने पत्रे येत, कधी त्यावर काहीतरी कोरलेलं असे. पण तराजूला अक्षर कळत नाही. वजन व्हायचं, पैसे मिळायचे, पत्रा मुशीत जायचा.

हे मला पुढं मिराशींच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावानं तिनं कारभार केला. तिचा जो प्रसिद्ध ताम्रपट पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो, तो एका तांबटाच्या घरी होता. त्या तांबट घराण्यानं तो वितळवला नाही. तो प्रसिद्ध झाला तेव्हा वाकाटकांचा काळ नक्की करायचा पक्का आधार मिळाला. त्याआधी काही विद्वान त्यांना कितीतरी पुढच्या शतकात ढकलत होते. एका तांबटानं भट्टीत टाकला नाही म्हणून एका राजवंशाचा काळ नक्की झाला. आणि अलीकडं रामटेकजवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं, त्यात या प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली, ब्राह्मी अक्षरं आणि शंखाचं चिन्ह असलेली.

आमच्या घरात सध्या हाच विषय गाजतो आहे. माझी भाची सांगलीला इतिहास घेऊन बी.ए. झाली. तिला प्राचीन इतिहास आणि पुराभिलेख हा विषय घेऊन पुढं शिकायचं आहे. तिचे वडील, आमचे दुल्हाभाई, हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे. "मामू तुझा कवी आहे, त्याचं ठीक. पण दगड वाचून घर कसं चालणार?" या प्रश्नाला हसून उडवता येत नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावर माणसं राबतात. मिराशींच्या काळी एका कॉलेजची पक्की नोकरी होती, पगार होता, ग्रंथालय होतं, उन्हाळ्याची सुटी होती. तीन खंडांमागं ती स्वस्थता आहे. आज आपण मुलांना मिराशींचं उदाहरण देतो आणि मिराशींना मिळालेली नोकरी देत नाही. हे बरोबर नाही.

दुसरा प्रश्न भाचीला बाहेर विचारला गेला. चौकशीला एका ठिकाणी गेली असता कुणीतरी आपुलकीनंच म्हणालं, "तुम्ही मध्ययुग का घेत नाही? फारसी तर तुमच्या घरातलीच." ती म्हणाली, "सर, आमच्या घरात फारसी कुणालाच येत नाही. आजोबा कल्हईवाले होते. मला फारसी शिकायला जितकी मेहनत लागेल तितकीच ब्राह्मीला लागेल. मग मला आवडते ती शिकते." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा दुल्हाभाई पहिल्यांदा गप्प बसले. मला वाटतं, तिच्या बाजूनं तो पहिला कौल पडला.

मला स्वतःला हा प्रश्न निराळ्या शब्दांत अनेकदा विचारला गेला आहे. वाकाटक, चालुक्य, प्राकृत गाथा यांच्याशी तुमचा काय संबंध? माझं उत्तर असं, की मी ज्या भाषेत कविता लिहितो तिचा जो संबंध, तोच माझा. आणि ज्या जमिनीवर राहतो तिचा. ताम्रपट म्हणजे बहुतेक वेळा जमिनीचा कागदच असतो. गाव कोणतं, चतुःसीमा काय, कोणते कर माफ, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप. माझ्या माहितीतल्या दर्ग्यांच्या इनामाच्या सनदांतही हेच असतं. गाव, सीमा, माफी, आणि मोडणाऱ्याला धर्माची शपथ. लिपी बदलली, देवाचं नाव बदललं, पण बांधावरची काळजी तीच राहिली.

आपल्या गावांची नावं या विद्येत मोठ्या मानानं घेतली जातात, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या पुलकेशीचा धाकटा भाऊ विष्णुवर्धन, जो पुढं आंध्रात जाऊन वेंगीच्या चालुक्यांचा मूळ पुरुष झाला, त्याचा सातव्या शतकातला ताम्रपट 'सातारा ताम्रपट' म्हणून जगभरच्या ग्रंथालयांत नोंदला आहे. राष्ट्रकूट चौथ्या गोविंदाचा शके ८५५ चा, म्हणजे इ.स. ९३३ चा लेख 'सांगली ताम्रपट' म्हणून प्रसिद्ध आहे. फ्लीट नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं हे दोन्ही एकोणिसाव्या शतकात छापले. आणि मिराशींनी चौऱ्याऐंशीव्या वर्षी ज्या शिलाहारांचा खंड पुरा केला, ते तर कोल्हापूर, पन्हाळा, कऱ्हाड आणि मिरजेच्या मुलखाचे राजे. त्यांच्यातल्या गंडरादित्याच्या शके १०३२ च्या, म्हणजे इ.स. १११० च्या लेखात एक हकीकत आहे. मिरज भागातल्या इरुकुडी गावी त्यानं गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांची स्थापना करून तिघांनाही जमिनी तोडून दिल्या. एकाच पाण्याच्या काठी तीन देवस्थानं, आणि राजाचा हात तिघांवर सारखा. मिरजेत मी दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकत बसतो तेव्हा मला हा तलाव आठवतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, ते योग्यच झालं. त्या दर्जाच्या मागं 'गाथासप्तशती' आहे, नाणेघाटाचा शिलालेख आहे. म्हणजे प्राकृत आणि ब्राह्मी वाचणाऱ्या मूठभर माणसांची दीडशे वर्षांची मेहनत आहे. पेढ्याच्या पुड्यावर त्यांची नावं नसतात. आता प्रश्न असा, की पुढची मूठ कुठून भरायची? आपल्या दोन जिल्ह्यांत ब्राह्मी वाचणारी मुलं किती निघतील, मोडी किती, फारसी किती, हळेकन्नड किती? आपल्याकडच्या कितीतरी जुन्या लेखांची भाषा कानडी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. दर्जाबरोबर पैसा येणार असेल, तर त्यातला काही या मुलांच्या शिष्यवृत्त्यांकडं आणि पक्क्या नोकऱ्यांकडं जावा, एवढी मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

आणि जे आपल्या हातात आहे ते आजच करता येईल. गावाच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा जुन्या शिळेला ऑइलपेंट फासू नका, तिच्यावर फरशी बसवू नका. अक्षरं दिसली तर ओल्या फडक्यानं हलके पुसून नुसता फोटो काढा आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवा. नांगराला किंवा पायाच्या खोदाईत कोरलेला पत्रा लागला, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. १८७८ पासून तसा कायदा आहे. पत्र्यांना ओवणारी कडी तोडू नका, तिच्यावर राजाची मुद्रा असते. आणि तो पत्रा मोडीत तर मुळीच घालू नका. एका तांबटानं दाखवलेलं शहाणपण आपल्यालाही दाखवता येईल.

मानपूर माणमध्ये होतं का, कालिदास खरोखर या भुईवर बसला होता का, याचं उत्तर कदाचित अशाच एखाद्या पत्र्यावर, माणगंगेच्या काठच्या एखाद्या बांधाखाली पडून असेल. ते सापडेल तेव्हा मिराशी बरोबर ठरतील किंवा चुकीचे. दोन्हींची त्यांची तयारी होती. आपली असली पाहिजे ती तयारी एवढीच, की ते सापडेल तेव्हा ते वाचणारं कुणीतरी इथलं असावं.